२१७८ कुणाचा?

१

महिपत केणे चोर आहेत, असं साकेत सोहोनीने ऐंशी माणसांसमोर म्हटलं, तेव्हा पुस्तकांच्या गठ्ठ्यावरची रिबीन अजून सुटलीही नव्हती.

डोंबिवलीच्या अंकमित्र मंडळाचा पुस्तक-प्रकाशनाचा कार्यक्रम होता. रविवारची सकाळ आणि शाळेचं वरचं सभागृह. पुस्तक जेमतेम अठ्ठेचाळीस पानांचं, नाव ‘२१७८’. लेखक महिपत केणे, वय बहात्तर, ठाण्याच्या खोपट आगारातून निवृत्त झालेले एसटीचे वाहतूक नियंत्रक. शिक्षण अकरावी मॅट्रिक. या एका आकड्यावर त्यांनी अडतीस वर्षं काढली होती आणि आज आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या गळ्यात हार पडणार होता.

“ही माझ्या बाबांची वही,” साकेतने हिरव्या पुठ्ठ्याची लांबट वही डोक्यावर धरली. “वर तारीख आहे, चौदा ऑगस्ट एक्याण्णव. या पुस्तकातला तक्ता सगळाच्या सगळा हिच्यात आहे. हे गृहस्थ आठ वर्षं दर मंगळवारी आमच्या घरी यायचे. शेवटची तीन वर्षं बाबांना माणसं ओळखू येत नव्हती. यांनी वही उतरवून घेतली आणि आता वर स्वतःचं नाव टाकून पुस्तक!”

साकेतचे वडील म्हणजे गणिताचे प्राध्यापक गुरुदत्त सोहोनी. डोंबिवलीतल्या निम्म्या इंजिनियरांनी त्यांनी फेकून मारलेला खडू खाल्लेला. सर जाऊन दीड वर्ष झालं होतं, पण त्यांचं नाव निघालं की माणसं अजून ताठ बसत.

मंडळाच्या चिटणीस नीला आठल्ये व्यासपीठावरच होत्या. सरांची सगळ्यात लाडकी विद्यार्थिनी. साकेतने वही त्यांच्यापुढे ठेवली. “नीलाताई, तुम्हीच सांगा. अक्षर कुणाचं?”

नीलाताईंचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता. “सरांसारखंच आहे,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या रांगेत बसलेल्या सुमती टिपणीसांनी मान वर केली. चौतीस वर्षं त्यांनी ठाण्याच्या एका छापखान्यात प्रुफं तपासली होती. पाठ्यपुस्तकं, कोष्टकं, पंचांगं. हातात लग्नपत्रिका आली तरी त्या आधी चुका बघत, मग वधूवर. या पुस्तकाची प्रुफंही त्यांनीच वाचली होती. ‘सरांचंच’ आणि ‘सरांसारखंच’ यात फरक असतो. नीलाताईंसारखी काटेकोर बाई शब्द उगाच वापरत नाही.

महिपतरावांनी हाराकडे पाहिलं, साकेतकडे पाहिलं. “मी चोरी केली नाय,” एवढंच ते बोलले आणि पिशवी उचलून जिना उतरले. त्यांच्यामागे त्यांची बायको गोदूबाई, पदर खोचलेला, डोळ्यांत जाळ.

कार्यक्रम मोडला. सुमतीबाई मात्र सरळ साकेतपाशी गेल्या. “मला वही बघू दे. तुझ्या हातातच ठेव, मी फक्त पानं उलटते.”

पुढची पानं सरांचीच, जुनी, वर्गात शिकवायची गणितं. मध्ये काही कोरी. मग तारीख, आणि तक्ता. सुमतीबाईंचं बोट एकेक ओळ उतरत गेलं.

“बघा ना काकू,” साकेत म्हणाला. “पुस्तकात सात ओळी आहेत. बाबांच्या वहीत आठ. चोराला एक ओळ धड उतरवता आली नाही!”

सुमतीबाईंचं बोट आठव्या ओळीवर थांबलं होतं. ती ओळ १९५८ या आकड्याने सुरू होत होती.

“साकेत,” त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, “या पानाचा मोबाइलवर फोटो काढून मला पाठव. आणि मंगळवारपर्यंत या वहीला कुणाचा हात लावू देऊ नकोस.”

२

वर्तकनगरच्या घरी येऊन त्यांनी चपला काढायच्या आधी कपाट उघडलं. पुस्तक बाजारात येईपर्यंत जुळणीहून परत आलेली प्रुफं टाकायची नाहीत, हा त्यांचा नियम. सुतळीने बांधलेला गठ्ठा बगलेत मारून त्यांनी तशीच महिपतरावांच्या घरी, कोपरीला जायला रिक्षा केली.

दार गोदूबाईंनी उघडलं. “या बाई. बघा आमच्या म्हाताऱ्याची दशा. सगले कागद रद्दीत घालायला निघालाय. मी बोलले, घालून तर बघ, तुलापन त्याच्यासंगती घालते.”

महिपतराव खाटेवर बसले होते. पायाशी कागदांचा ढीग.

“महिपतराव,” सुमतीबाई समोर बसल्या, “हा आकडा तुम्हाला कुठे भेटला, ते मला पुन्हा सांगा. पहिल्यापासून.”

सांगू लागले तसा म्हाताऱ्याचा आवाज सुधारला. सत्याऐंशी साल. खोपटला मुरबाडची गाडी फलाटाला लागलेली, नंबर २१७८. शेजारच्या गाडीच्या आरशात तोच नंबर उलटा दिसत होता, ८७१२. गाडी सुटायला वेळ होता. हातात पेन्सिल होती. सहज म्हणून त्यांनी २१७८ ला चाराने गुणलं. उत्तर आलं ८७१२.

“आरशातला आकडा, बाई! मी दोनदा गुणलं. मग बोललो, मोठ्यातून छोटा काढून बघू. ८७१२ वजा २१७८, आले ६५३४. आता हा उलटा केला, ४३५६. तो ६५३४ मधून काढला, तर पुन्हा २१७८! म्हंजे दोन थांब्यांची फेरी. २१७८ वरून ६५३४, ६५३४ वरून २१७८. जन्मभर चालू ठेवा, गाडी दुसरीकडे जायचीच नाय.”

त्यानंतर त्यांनी आगारातल्या प्रत्येक गाडीचा नंबर उलटा करून वजाबाकी केली. काही नंबर शून्यावर जात, काही भलतीकडेच भटकत. पण काही फिरून फिरून याच फेरीत येत. ५६४३ नंबरची गाडी तर एका झटक्यात. ५६४३ मधून ३४६५ गेले की सरळ २१७८. अशा निवडक सात गाड्यांचा तक्ता म्हणजे त्यांच्या पुस्तकाचा जीव.

“सोहोनीसरांना कधी दाखवलंत?”

“पहिल्याच मंगळवारी. सर खुर्चीतून उठले. बोलले, केणे, हे तुमचं आहे, सांभाळा.” त्यांनी पायाशी पडलेला एक कागद सरळ केला. “मागून सरांची आठवण गेली. मग मी दर मंगळवारी नव्याने दाखवायचो. सर दर मंगळवारी पहिल्यांदाच खूश व्हायचे.”

गोदूबाईंनी तोंड फिरवलं.

सुमतीबाईंनी गठ्ठा सोडून त्यातलं एक पान काढलं. तक्त्याचं पहिलं प्रूफ. सात छापील ओळी आणि खाली त्यांच्या हातची, पेन्सिलीने घातलेली आठवी.

“पानात एक ओळ रिकामी राहत होती. मला ते डोळ्याला खुपलं. म्हणून गंमत म्हणून मी माझं जन्मसाल चालवून बघितलं. १९५८. उलट केले तर ८५९१. वजाबाकी ६६३३. तिथून पुढे चालत चालत बरोब्बर २१७८. मला इतकी मौज वाटली की ओळ घालून टाकली. आणि तुम्ही ती काढायला लावलीत.”

“ती गाडी आपल्या आगारात नव्हती ना,” महिपतराव पुटपुटले. “न बघितलेली गाडी कशी लिहू?”

“एवढंच कारण?”

म्हातारा अवघडला. गोदूबाई मागून म्हणाल्या, “सांगा आता खरं. त्या काय तुम्हाला खातान?”

“बाई, त्यात एक आकडा चुकलेला. ३२६७ पाहिजे, तुम्ही ३२७६ लिवलं. तुमच्यासारख्यांना कसं सांगणार? म्हणून गाडीचं निमित्त केलं.”

सुमतीबाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. चौतीस वर्षांत त्यांच्या चुका काढणारा कुणी भेटला नव्हता. त्यांनी चष्मा पुसून पाहिलं. खरंच होतं. सहा आणि सात यांनी जागा बदलली होती. अंकांची बेरीज दोन्हीकडे अठराच, म्हणून त्यांच्या नेहमीच्या ताळ्यात ते पकडलं गेलं नव्हतं.

मग त्यांनी मोबाइल उघडला. साकेतचा फोटो आला होता. बोटांनी मोठा करून त्या आठव्या ओळीपर्यंत पोचल्या.

वहीत ३२६७ होतं.

“महिपतराव,” त्या उठल्या, “रद्दीवाल्याला परत पाठवा. ज्याने माझी ओळ उतरवली, त्याने माझी चूक दुरुस्त केलीय. म्हणजे तो गणिती आहे. आणि तो मला दोन दिवसांत सापडेल.”

३

सोमवारी सकाळी दहाच्या ठोक्याला त्या डोंबिवलीत जागृतीच्या दुकानात होत्या. जागृती पुस्तकांची जुळणी संगणकावर करून देई. वय सव्वीस, कानात एक इयरफोन कायमचा.

“काकू, काल काय राडा झाला! केणेकाका तसे नाहीयेत यार. मी रात्रभर विचार करत होते.”

“जागृती, आठवी ओळ आठवते तुला?”

“१९५८ वाली? तुम्ही पेन्सिलने टाकलेली. हो. मी जशीच्या तशी टाइप केलेली.” तिने जुनी फाइल उघडून दाखवली. ३२७६. चुकीसकट. “मग प्रिंट काकांना दिली. त्यांचा पंधरा नोव्हेंबरला फोन आला, ही ओळ काढ. मी डिलीट मारली, खलास. पुस्तकात ती आलीच नाही.”

“मी दिलेलं प्रुफांचं पाकीट तुझ्याकडे कुणी आणलं?”

“नीलामॅडमनी. नऊ तारखेला. दुसऱ्या दिवशी त्या पुण्याला गेल्या ना, मुलीच्या बाळंतपणाला. डायरेक्ट डिसेंबरएंडला आल्या.” तिने खुर्ची फिरवली. “काकू, तुम्हाला माझ्यावर डाउट आहे का?”

“तूच सांग, असावा का?”

जागृतीने क्षणभर विचार केला. “मला खोटी वही बनवायची असती ना, तर मी ती ओळ टाकलीच नसती. मला माहीत होतं ती उडालीय. पुस्तकाशी मॅच व्हायला नको?”

सुमतीबाई हसल्या. पोरगी हुशार होती. जे त्यांनी रात्री अंथरुणावर पडून मनात जुळवलं होतं, ते हिने खुर्चीत बसल्या बसल्या सांगितलं.

दुपारी साकेत वडिलांच्या बंद फ्लॅटवर भेटला. तो ठाण्याला राहत असे, इथे महिन्या-दोन महिन्यांनी येऊन दारं-खिडक्या उघडून जाई. रविवारचा राग उतरला नव्हता, पण चहा मात्र त्याने स्वतः केला.

“मी उगाच आरोप केलेला नाही, काकू. नीलाताईंनी शुक्रवारी निमंत्रणाबरोबर पुस्तक दिलं. शनिवारी मी इथे आलेलो, बाबांची पुस्तकं वाचनालयाला द्यायची म्हणून कपाट काढलं. वही हाताला लागली. उघडली, तर तेच आकडे! माझं डोकंच फिरलं.”

“पुस्तक त्याआधी पाहिलं होतंस? प्रुफं वगैरे?”

“नाही हो. मला दहावीत गणितात पस्तीस. बाबांनी त्या दिवशी जेवण सोडलेलं.” तो ओशाळवाणा हसला. “तक्त्यातलं मला कळत पण नाही. फक्त आकडे सेम आहेत, एवढं कळतं.”

“या कपाटाला आधी कुणी हात लावला होता?”

“घराची किल्ली माझ्याकडेच असते. हां, नोव्हेंबरमध्ये नीलाताईंनी दोन दिवस येऊन सगळं लावलं. त्या होत्या म्हणून, नाहीतर मला कुठे जमलं असतं?” त्याने कप खाली ठेवला. “का?”

“तारीख आठवते?”

त्याने मोबाइलवर जुने निरोप चाळले. “सात आणि आठ नोव्हेंबर. शुक्रवार, शनिवार.”

सुमतीबाईंनी चहा संपवला. उत्तर कळलं होतं, आणि त्यांना ते आवडलं नव्हतं.

४

नीला आठल्यांचं घर दोन गल्ल्या सोडून. भिंतीवर सरांचा फोटो, खाली ताजं फूल. जेवणाच्या टेबलाशेजारी खराखुरा काळा फळा. अजूनही चार मुली संध्याकाळी शिकायला येत. फळ्यावरचं अक्षर सुमतीबाईंनी पाहून घेतलं. गोल, जरा डावीकडे कललेलं.

“पस्तीस वर्षं सरांचा फळा बघून लिहिलं,” नीलाताईंनी त्यांची नजर ओळखली. “अक्षर त्यांच्यावर गेलंय. सगळे म्हणतात.”

“काल तुम्ही ‘सरांसारखंच’ म्हणालात.”

“म्हणाले असेन.”

“प्रुफांचं पाकीट मी तुम्हाला तीन नोव्हेंबरला दिलं. जागृतीला ते नऊला मिळालं. मध्ये ते कुणी पाहिलं असेल?”

“कुणीही नाही,” त्या ताठ झाल्या. “माझ्या कपाटात कुलपात होतं. दुसऱ्याचं हस्तलिखित मी असं तसं टाकत नाही, सुमतीबाई. तुम्ही मला इतकी वर्षं ओळखता.”

“ओळखते,” सुमतीबाई म्हणाल्या, आणि ते खरं होतं. नीलाताई लबाड नव्हत्या. आत्तासुद्धा, खोटं बोलणं सोपं असताना, त्यांनी स्वतःभोवतीचं प्रत्येक दार स्वतःच्या हाताने लावून घेतलं होतं.

सुमतीबाईंनी पर्समधून एक कोरा कागद काढला आणि त्यावर सावकाश एक ओळ लिहिली. १९५८, ६६३३, ३२७६, ४३५६, २१७८. कागद टेबलावर सरकवला, वर पेन्सिल ठेवली. “माझं जन्मसाल आहे. जमलंय का बघा.”

नीलाताईंची नजर ओळीवरून धावली. हाताने पेन्सिल कधी उचलली ते त्यांनाही कळलं नसावं. “हे उलटं पडलंय,” त्या म्हणाल्या आणि ३२७६ खोडून वर ३२६७ लिहिलं. मग पेन्सिल तशीच हवेत राहिली.

सुमतीबाईंनी मोबाइल त्यांच्यापुढे ठेवला. वहीतलं ३२६७ आणि कागदावरचं ३२६७. साताचा तोच गोल पोट काढलेला वळसा, तोच डावीकडे कल.

नीलाताईंनी पेन्सिल खाली ठेवली. बाहेर भाजीवाला ओरडत गेला.

“उद्या मंगळवार आहे,” सुमतीबाई उठता उठता म्हणाल्या. “अकरा वाजता सरांच्या घरी सगळे येतील. महिपतरावसुद्धा. तुम्ही आलात तर बरं. नाही आलात, तरी मला बोलावंच लागेल.”

५

मंगळवारी अकराला दहा कमी असताना महिपतराव त्या घराच्या दारात उभे राहिले आणि आत पाऊल टाकेनात. गोदूबाईंनी मागून ढकलल्यावर ते आले. सरांच्या रिकाम्या खुर्चीला हात लावून नमस्कार केला. साकेतने तोंड फिरवलं. जागृती खिडकीशी उभी होती. नीलाताई सगळ्यांच्या आधी येऊन बसल्या होत्या.

“मी गणितातली नाही,” सुमतीबाईंनी सुरुवात केली. “मी छापलेलं आणि लिहिलेलं वाचते, एवढंच. साकेत, तू म्हणतोस महिपतरावांनी वहीतून उतरवलं. मग वहीतली आठवी ओळ त्यांच्या हस्तलिखितात हवी होती. ती नाही. ती ओळ माझी आहे.”

त्यांनी प्रुफाचं पान टेबलावर ठेवलं. पेन्सिलीचं त्यांचं अक्षर, बाजूला तारीख, दोन नोव्हेंबर.

“१९५८ हे माझं जन्मसाल. मी या घरात काल पहिल्यांदा आले. सरांची वही मी परवापर्यंत बघितली नव्हती. मग सरांनी एक्याण्णव साली माझं जन्मसाल, त्याच सात गाड्यांच्या खाली, त्याच आठव्या जागी कसं लिहिलं?”

साकेतने पान हातात घेतलं. वही उघडून शेजारी धरली. त्याचे ओठ हलत होते, एकेक आकडा जुळवत.

“योगायोग?” तो म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता.

“एका आकड्याचा योगायोग होतो. आठ ओळींचा, क्रमासकट, होत नाही. वहीतली ती पानं नोव्हेंबरात लिहिली गेली. कुणी? माझी ओळ आम्ही चौघांनीच पाहिली. मी, महिपतराव, जागृती आणि पाकीट नेणाऱ्या नीलाताई. तू नाही, साकेत. तू छापलेलं पुस्तक पाहिलंस, त्यात सातच ओळी. महिपतरावांनी ती ओळ स्वतः काढायला लावली आणि जागृतीने ती काढली. या दोघांना ती पुस्तकात नाही हे ठाऊक होतं; मलाही होतं. वही लिहिणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं. कारण ओळ उडाली पंधरा तारखेला, आणि ती व्यक्ती दहा तारखेलाच गावाबाहेर गेली होती.”

साकेत हळूहळू वळला.

“नीलाताई?”

“मीच,” नीलाताई म्हणाल्या. त्यांनी नजर खाली घातली नाही. “पुढचं मी सांगते. सुमतीबाई, तुम्ही बसा.”

६

सरांच्या स्मरणग्रंथात नीलाताईंनी लिहिलं होतं की सर शेवटच्या काळात एका मोठ्या शोधाच्या जवळ पोचले होते. मनापासून लिहिलं होतं. सरच तसं म्हणत. सर गेल्यावर कागद शोधले, तर कोरी पानं निघाली. किंवा एकच बेरीज वीस वेळा, वीसही वेळा चुकलेली.

“आणि मग यांचं हस्तलिखित हातात आलं,” त्यांनी महिपतरावांकडे पाहिलं. “मी एम.एस्सी. सर तर सरच. आणि जे आम्हाला सापडलं नाही, ते फलाटावर उभं राहून यांना सापडलं. मला झोप येईना. वाटलं, सरांच्या वहीत चार पानं असावीत. कधीतरी, कुणाला तरी सापडतील. दोघांचं नाव होईल. कुणी यांना चोर म्हणेल हे, देवाशप्पथ, माझ्या मनात आलं नाही. पुण्याहून आले तोवर पस्तावले होते, पण वही काढून घ्यायचीही सोय नव्हती, घराला कुलूप. आणि रविवारी साकेत उभा राहिला तेव्हा...” त्या थांबल्या. “तेव्हा मी बोलायला हवं होतं. मी भित्री निघाले.”

साकेत वहीकडे बघत होता. “मी ऐंशी माणसांसमोर बोललो,” तो म्हणाला. “केणेकाका, मी... माफी कशी मागतात हे पण मला येत नाही.”

“तिथंच उभा राहून माग,” गोदूबाई फटकन म्हणाल्या. “जितं बोललास तितंच. घरातल्या माफीचा आमाला काय उपेग?”

“मागतो. रविवारी, त्याच हॉलमध्ये.”

“आणि त्याच्याआधी मी बोलेन,” नीलाताई म्हणाल्या. “चिटणीसपद सोडते. महिपतराव, तुम्ही म्हणाल ते लिहून देते.”

महिपतरावांनी आता पुस्तक काढलं, शेवटचं पान उघडलं. “लिहून पाहिजेच आहे मला,” ते म्हणाले. “एक गोष्ट हाय. ह्या आकड्याच्या मधे नऊ घातला, २१९७८ केला, तरी चाराने गुणून उलटा होतो, ८७९१२. दोन नऊ घातले, तरी होतो. मी बारा नऊ घालून बघितले. होतोच. पण का होतो ते मला अजून कळलं नाय. सरांना विचारायचो, तर ते हसायचे नुसते. तुम्हाला येतं?”

नीलाताईंनी पुस्तकाकडे पाहिलं. हळूहळू त्यांच्या कपाळावरची आठी सुटली.

“बावीसशेतून बावीस वजा करा,” त्या म्हणाल्या.

“२१७८.”

“आता बावीस हजारातून बावीस.”

महिपतरावांचे डोळे मोठे झाले. “२१९७८!”

“शून्य वाढवत जा, नऊ वाढत जातील. आणि चौपट म्हणजे अठ्ठ्याऐंशीशेतून अठ्ठ्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी हजारातून अठ्ठ्याऐंशी. तिथेही मध्ये तेवढेच नऊ. सुरुवातीचे एकवीस आणि शेवटचे अठ्ठ्याहत्तर, चौपटीत सत्त्याऐंशी आणि बारा होतात, म्हणजे बरोबर उलटे. कितीही लांबवा.”

“एवढंच?”

“एवढंच.”

म्हातारा हसायला लागला. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. “अडतीस वर्षं, गोदू! बावीसशेतून बावीस!” मग त्यांनी सुमतीबाईंची पेन्सिल घेतली आणि नीलाताईंपुढे ठेवली. “हे लिहा. तुमच्या नावाने. खाली सही करा. पुस्तकात जोडू.”

“माझं नाव?” नीलाताईंचा हात मागे गेला. “महिपतराव, मी जे केलं त्यानंतर—”

“ते तुम्ही रविवारी सांगालच. त्यात मी सूट देणार नाय. पण हे तुमचं आहे. माझं नाय, सरांचं पन नाय.”

पुढच्या रविवारी सभागृह भरून माणसं दारापर्यंत उभी होती. नीला आठल्ये सात मिनिटं बोलल्या. कागद न बघता, एकही गोष्ट न वगळता. टाळ्या नाहीत, कुजबुज नाही. मग साकेत उभा राहिला, वाकून म्हाताऱ्याच्या पाया पडला आणि रिबीन कापायला कात्री त्यांच्या हातात दिली. प्रत्येक प्रतीत जागृतीने छापून आणलेलं एक सुटं पान घातलेलं होतं, एकोणपन्नासावं. खाली नाव होतं, नीला आठल्ये.

महिपतराव ध्वनिक्षेपकासमोर गेले. घसा खाकरला. समोर इंजिनियर होते, शिक्षक होते, खोपट आगारातले चार जुने कंडक्टर होते, पहिल्या रांगेत गोदूबाई.

“भाषण मला येत नाय,” ते म्हणाले. “खिशात पेन असेल तर काढा. नसेल तर बोटं हायत. बावीसशेतून बावीस वजा करा बघू.”

आणि सगळं सभागृह मान खाली घालून कामाला लागलं.